इनबॉक्सचं आवक-जावक: ईमेलचा ढीग आवरायची एक जुनीच पद्धत

गुरुवारी दुपारी ग्राहकाचा मेल आला. विषयाच्या जागी नुसतं 'एफवायआय' (म्हणजे 'तुमच्या माहितीसाठी') आणि खाली ड्रॉइंगची नवी रिव्हिजन जोडलेली. बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, अर्ध्या मिलिमीटरनं लहान केलं होतं. मी मेल उघडला, 'संध्याकाळी निवांत बघू' म्हटलं आणि फोन वाजला म्हणून उठलो. उघडल्यामुळे त्या मेलची ठळक अक्षरं साधी झाली, वर चाळीसभर मेल येऊन बसले, आणि पुढच्या बुधवारी जुन्या मापाची दोनशे हौसिंग (यंत्राच्या भागांची धातूची कवचं) तयार होऊन रॅकवर लागली. बोअर लहान राहिलं असतं तर नग पुन्हा मशिनवर चढवता आले असते. मोठं झालेलं बोअर लहान कसं करणार? अख्खा लॉट भंगारात गेला.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी प्लॅनिंग आणि परचेस बघतो. मेल मिळाला नव्हता का, असं विचारल्यावर मला खाली बघावं लागलं. मिळाला होता, वाचलाही होता. फक्त वाचल्यावर त्याचं काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

त्या आठवड्यात मला माझ्या पहिल्या नोकरीतले आवक-जावकचे काका आठवले. पोस्टमन येऊन गेला की सगळं टपाल ते टेबलावर ओतायचे. पाकीट फोडायचं, तारखेचा शिक्का मारायचा, रजिस्टरला नंबर टाकायचा आणि पत्राच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं टेबलाचं नाव लिहायचं: 'लेखा', 'वसुली', 'मा. सचिव'. फोडलेलं पत्र पुन्हा पाकिटात घालून 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नाही. आणि पोस्टमन आला का म्हणून दर पाच मिनिटांनी ते दारातही जात नसत. पुढे जे सांगतोय ते सगळं या काकांच्या टेबलावरचंच आहे, फक्त पडद्यावर मांडलेलं.

आधी दोन दिवसांची मोजणी

काही आवरायच्या आधी मागच्या दोन कामाच्या दिवसांचे मेल कागदावर मोजा. तीन रकाने करा: मला काही करायचं आहे, नुसती माहिती आहे, आणि आला नसता तरी चाललं असतं. माझे शंभराच्या वर मेल भरले. पहिल्या रकान्यात वीसही नव्हते. त्या वीसांपैकी निम्मे मीच आधी पाठवलेल्या अर्धवट मेलवर 'म्हणजे नक्की काय?' असं विचारणारे होते. ते बघून जरा लाज वाटली, पण औषध कुठे लावायचं ते कळलं.

जुना ढीग: चाळू नका, हलवा

हजारो मेल साठले असतील तर वरून खाली एकेक बघायला बसू नका. दोन तास जातात, पन्नास मेल होतात आणि मग माणूस नाद सोडतो. त्यापेक्षा महिन्यापूर्वीचं सगळं एका फटक्यात बाजूला करा.

जीमेलमध्ये सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाला पट्ट्यांचं छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की तारीख, पाठवणारा, साइझ असे रकाने उघडतात. महिन्यापूर्वीची तारीख घालून शोधा. वरच्या चौकोनात टिक केली की फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात. लगेच वर एक ओळ येते: या शोधातले सगळे निवडायचे का? ती ओळ दाबा, 'जुने' नावाचं लेबल लावा आणि 'अर्काइव्ह' करा. अर्काइव्ह म्हणजे पुसणं नाही. मेल इनबॉक्समधून उठतो, सर्चमध्ये मात्र सापडतो. आउटलुकमध्ये 'जुने' फोल्डर करून तिकडे ओढून टाकलं तरी तेच काम.

हलवायच्या आधी एवढं मात्र करा: उघड्या पीओ (अजून पुऱ्या न झालेल्या खरेदी ऑर्डर), अडकलेली पेमेंट्स आणि गेल्या दोन महिन्यांतली ड्रॉइंग्ज नावानं शोधून आठ-दहा मेल बाहेर काढून ठेवा. बाकी कशासाठी कुणी फोन केला तर तेव्हा शोधू.

जागा कमी पडत असेल तर त्याच रकान्यांत साइझ १० एमबीच्या वर घालून बघा. फुकटच्या खात्याची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की नवीन मेल येणंच थांबतं, आणि तोवर आपल्याला वाटत असतं की ग्राहक शांत आहे.

छोट्या कारखान्यांत अजून एक भानगड असते. मेल पीओपीनं (सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीनं) एकाच कॉम्प्युटरवर उतरतात आणि सर्व्हरवर काही उरत नाही. तो कॉम्प्युटर गेला की दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. तुमच्याकडे असं आहे का ते आजच विचारा. असेल तर त्या डेटा फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायला लावा.

नळ बारीक करा

बादली उपसण्याआधी नळ बघावा. नको असलेले जाहिरातीचे मेल काही आजचे नाहीत. १९७८ साली अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्यानं अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली होती. लोक तेव्हाही चिडले होते. फरक इतकाच की आता सुटका सोपी आहे. मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकचं 'अनसबस्क्राइब' देणं जीमेलनं २०२४ पासून सक्तीचं केलंय. एका दुपारी चहा घेत वीस-पंचवीस ठिकाणांहून नाव काढून टाका. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नका, तो सरळ स्पॅममध्ये टाका. आपण तिथे क्लिक केलं की हा पत्ता जिवंत आहे एवढं त्याला कळतं.

मग येतात यंत्रांनी पाठवलेले मेल: ईआरपीचा (कारखान्याचा हिशोब-साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रोजचा रिपोर्ट, ग्राहकाच्या पोर्टलची सूचना, हजेरीचा तक्ता. यांना फिल्टर लावा. जीमेलमध्ये असा एक मेल उघडून तीन टिंबांखाली 'फिल्टर मेसेजेस लाइक दीज' निवडा, 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल' वर टिक करा. आउटलुकमध्ये हेच 'रूल्स'मधून होतं, आणि तिथे एक फार कामाचा रूल आहे: माझं नाव फक्त सीसीत असेल ते मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. मी तो लावला तेव्हा इनबॉक्स निम्म्यावर आला. सीसीचं फोल्डर दिवसातून एकदा, जेवणानंतर चाळतो.

बँक, जीएसटी, आयकर आणि ग्राहकांच्या क्वालिटी विभागाला फिल्टर लावू नका. हे डोळ्यांसमोरच यायला हवेत.

टपालाची वेळ

मी दिवसातून तीनदा मेल बघतो: सव्वादहाला, अडीचला आणि निघायच्या आधी साडेचारला. सकाळी आल्या आल्या बघत नाही. पहिला तास शॉप फ्लोअरवर जातो. कुठली मशिन बंद आहे, काल रात्रपाळीत काय झालं, ते बघितल्यावर मेलला दिलेलं उत्तर खरं असतं. उलट केलं की आपण तारीख देऊन बसतो आणि खाली गेल्यावर कळतं की तो टूलच तुटलाय.

कॉम्प्युटरवरचा टिंग आणि मोबाइलवरची सूचना बंद करा. साहेब आणि दोन मोठे ग्राहक, एवढ्यांचीच सूचना चालू ठेवली तरी पुरे. लोकांना सांगूनही टाका: घाईचं असेल तर फोन करा. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे मी मेल टाकला तर तू बघणार नाहीस होय?' मी म्हटलं, 'बघतो की, पण तुम्ही फोन केलात तर लगेच बघतो.' पहिले पंधरा दिवस फोन वाढले. मग लोकांनाच कळायला लागलं की आपलं बहुतेक काम साडेचारपर्यंत थांबू शकतं.

आमची सुट्टी सोमवारी, बाहेरगावच्या बहुतेक ग्राहकांची रविवारी. त्यामुळे मंगळवारी सकाळी ढीग ठरलेला. मंगळवारी पहिल्या फेरीला मी पाऊण तास देतो आणि त्या वेळेत मीटिंग घेत नाही. उलट रविवार शांत असतो. तो कशासाठी वापरतो ते पुढे सांगतो.

उघडला की मार्क करा

मेल उघडला की बंद करण्याआधी त्याचं टेबल ठरलं पाहिजे. दोन मिनिटांत होण्यासारखं असेल तर तिथेच करून टाका. दुसऱ्याचं काम असेल तर त्याला पाठवा, पण नुसतं फॉरवर्ड करू नका. त्यानं काय करायचं आणि कधीपर्यंत, ही एक ओळ वर लिहा. आपलंच काम असून वेळ लागणार असेल तर त्याला तारीख द्या: जीमेलचं 'स्नूझ' वापरा, म्हणजे तो मेल त्या दिवशी, त्या वेळी पुन्हा वर येतो. नुसती माहिती असेल तर अर्काइव्ह. माझा 'एफवायआय'वाला मेल यातल्या कुठल्याच टेबलावर गेला नव्हता.

तारे, रंगीत झेंडे, 'अनरीड' करून ठेवणं याच्या मी विरोधात आहे. दोन आठवड्यांत सगळ्यांनाच तारा लागतो. पन्नास फोल्डरही नकोत. मीही कधीकाळी ग्राहकवार, पार्टवार फोल्डर केले होते. एकच मेल तीन ठिकाणी बसू शकतो म्हटल्यावर तो कुठे टाकला तेच आठवेना. आता चारच आहेत: 'करायचं', 'वाट बघतोय', 'सांभाळायचं' आणि 'जुने'. बाकी काम सर्च करतं.

या चारांत खरा हिरा 'वाट बघतोय' आहे. मी कुणाकडे काही मागितलं की पाठवलेल्या मेलला ते लेबल लावतो. फाउंड्रीकडून (ओतकामाच्या कारखान्याकडून) तारीख यायचीय, प्लेटिंगवाल्याकडून दर यायचाय, अकाउंट्सकडून पेमेंटचा तपशील यायचाय, सगळं तिथे. रविवारी सकाळी ती यादी उघडतो, जे अडलंय त्यांना दोन ओळींचा मेल लिहितो आणि 'शेड्यूल सेंड'नं सोमवारी सकाळी नऊला सोडतो. आम्ही सुट्टीवर असतो तेव्हा त्यांच्या आठवड्याची सुरुवात माझ्या मेलनं होते.

आपण कसं लिहितो

ढीग कमी करायचा खरा उपाय आपल्या 'सेंट' फोल्डरमध्ये असतो. माझ्याच हातचा जुना मेल दाखवतो. विषय: 'अर्जंट'. मजकूर: 'डिअर सर, प्लीज चेक ट्रेलिंग मेल अँड रिव्हर्ट ॲट द अर्लियस्ट.' खाली चौदा मेलांची शेपटी, आणि 'टू'मध्ये नऊ जण. नऊ जणांना पाठवलेलं काम कुणाचंच नसतं. अकरा उत्तरं आली, पाच दिवस गेले, निर्णय झाला नाही.

तोच मेल आज मी फाउंड्रीला असा लिहीन (ब्लो होल म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची पोकळी, डेबिट नोट म्हणजे खर्च समोरच्याच्या नावे टाकल्याचा कागद):

*विषय: हौसिंग ४१७ – ब्लो होलचे ३६ नग – शुक्रवारी ३ पर्यंत निर्णय हवा*

*नमस्कार सर,*
*१२ तारखेच्या लॉटमधल्या ४०० पैकी ३६ हौसिंगमध्ये बोअरिंगनंतर ब्लो होल निघाले. फोटो आणि तपासणीचा तक्ता सोबत आहे. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात:*
*१. ३६ नग बदलून कधी मिळतील, ती तारीख.*
*२. आमच्या मशिनिंगच्या खर्चाची डेबिट नोट काढायला तुमची संमती आहे का, हो किंवा नाही.*
*उरलेले नग आम्ही लाइनवर घेतलेत. शुक्रवारपर्यंत तारीख कळली नाही तर पुढच्या लॉटमधून ३६ नग जादा पाठवाल, असं धरून चालतो.*

विषय वाचूनच समजतं की काय झालंय आणि काय हवंय. प्रश्नांना नंबर आहेत, त्यामुळे समोरचा एकाचं उत्तर देऊन दुसरा गिळत नाही. आणि शेवटच्या ओळीमुळे उत्तर नाही आलं तरी काम अडत नाही. ही शेवटची ओळ लिहायला लागल्यापासून माझे 'रिमाइंडर' मेल जवळजवळ बंद झाले. फक्त पैशाच्या बाबतीत असं परस्पर काही धरून चालू नका.

अजून एक, जरा मनातलं. पाठवणारा इचलकरंजीचा, घेणारा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, आणि मेल मात्र 'किंडली डू द नीडफुल'मध्ये! त्या नीडफुलात काय करायचंय ते दोघांनाही कळत नाही, म्हणून मग फोन. दोन्ही बाजूंना मराठी येतं तिथे सरळ मराठीत लिहा. पार्ट, पीओ, रिव्हिजन हे शब्द आहेत तसेच राहू देत. आमच्या फाउंड्रीवाल्यांना मी मराठीत लिहायला लागल्यापासून उत्तरं लवकर येतात आणि मुद्द्याची येतात.

सीसीचंही तसंच. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर कार्बन घालून चौथी-पाचवी प्रत काढली की ती पुसट यायची, म्हणून प्रत कुणाला जायची ते विचार करूनच ठरायचं. आता पन्नासावी प्रतही लखलखीत येते. 'साहेबांना कळू दे' म्हणून सीसी टाकणं हे बहुतेकदा समोरच्यावर वचक ठेवायला असतं, आणि मग तोही त्याच्या साहेबांना सीसीत घालतो. 'टू'मध्ये शक्यतो एकच नाव ठेवा, सीसीत ज्याला खरंच लागतंय तो. 'रिप्लाय ऑल' करून 'नोटेड', 'थँक्स' लिहिणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

छोट्या सवयी भरभर सांगतो. आधी अटॅचमेंट जोडा, मग मजकूर, पत्ता सगळ्यात शेवटी. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'अनडू सेंड' ३० सेकंदांवर न्या, नाहीतर ५ सेकंदांत चूक कुणाला दिसत नाही. अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, थ्री-डी मॉडेल त्यात बसत नसेल तर लिंक पाठवा आणि ती उघडायची परवानगी दिलीय का तपासा. विषय बदलला की नवीन मेल सुरू करा, जुन्या पीओच्या मेलखाली नवीन पीओची चर्चा नको. राग आला असेल तर पत्ता न घालता लिहून ठेवा आणि सकाळी वाचा.

आणि तिसऱ्या उत्तरानंतरही गाठ सुटली नसेल तर फोन उचला. फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल मात्र टाका: 'आत्ता बोलल्याप्रमाणे १८ तारखेला २०० नग, जुन्याच दरानं.' व्हॉट्सॲपचाही नियम आम्ही हाच ठेवलाय. फोटो, 'गाडी निघाली', 'गेटवर आहे' हे व्हॉट्सॲपवर. माप, दर, तारीख, संख्या ही मेलवर. ग्रुपवर आलेलं ड्रॉइंग शॉप फ्लोअरवर जात नाही, ते मेलनं मागवून घेतो.

जिथे मेल म्हणजे दस्तऐवज असतो

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मजकुराची मान्यता आहे. ईमेलवर अटी ठरून होकार दिला गेला असेल तर औपचारिक कागदावर सही नसली तरी करार झालेला असू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली एका प्रकरणात स्पष्ट केलंय. तेव्हा घाईघाईनं दिलेलं 'ओके, कन्फर्म' हलकं समजू नका.

आमच्या धंद्यात त्याहून जवळची गोष्ट सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातली, २००६ सालची. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचा माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. पेमेंटची मुदतही, करारात काही लिहिलं असलं तरी, ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. म्हणजे रिजेक्शनचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून गप्प बसलात तर पुढे भांडताना हातात काय? हरकतीचा मेल चलान नंबर आणि तारीख घालून त्याच आठवड्यात पाठवा, आणि 'सांभाळायचं'मध्ये ठेवा. पुरवठादार असाल तर माल पोचल्याची तारीख मेलवर कबूल करून घ्या.

'आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे इथे पाठवा' असा मेल आला तर तो ओळखीच्या पत्त्यावरून आला असला तरी पैसे सोडू नका. पत्त्यात एखादंच अक्षर बदललेलं असतं, किंवा त्यांचं खातंच कुणाच्या तरी हातात गेलेलं असतं. मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर आणि बँकेत कळवा. इथे साडेचारची वाट बघायची नाही.

आपण नसताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद झाला आणि आम्ही घरी अडकलो. पुण्याच्या ग्राहकाला वाटलं की हे लोक मुद्दाम उत्तर देत नाहीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली तेव्हा मी पहिल्याच दिवशी मोबाइलवरून ऑटो-रिप्लाय लावला. सुट्टीला, जोतिबाच्या यात्रेला, लग्नाला, कशालाही चालतो. फक्त 'मी रजेवर आहे' एवढ्यावर सोडू नका. परत कधी, तोवर कोण, आणि त्यांचा माल कुठे आहे, हे त्यात हवं. त्या दिवशीचा मजकूर माझ्याकडे अजून आहे:

*नमस्कार. पुरामुळे शिरोलीजवळ हायवे बंद आहे, कारखान्यात पोचता येत नाही. कारखान्यात पाणी नाही, तुमचा माल आणि ड्रॉइंग्ज सुरक्षित आहेत. रस्ता सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्पॅचची नवी तारीख कळवतो. घाईचं असेल तर माझ्या मोबाइलवर फोन करा. लाइट नसल्यानं लागला नाही तर एसएमएस करून ठेवा, मी संध्याकाळी सातला बघतो.*